काकूंच्या हौदातला पाव्हणा

खोली भाड्यानं मागायला गेलं की मालक काय विचारतो? नोकरी कुठं, पगार किती, लग्न झालंय का, अन् फिरून फिरून शेवटी जात. कुंभार पिंपळगावात मला ज्या काकूंनी खोली दिली त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. मला दारात उभं करून वरून खाली पाहिलं आणि एकच प्रश्न टाकला, "आंघोळीला किती पाणी लागतं?"

मी म्हणालो, "एक बादली."

"भरून?"

आता याला काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, "अर्धी पण चालते." खोली मिळाली. मी त्यावेळी ठिबकच्या धंद्यात होतो, मोसंबीच्या बागांना ठिबक बसवून द्यायचं काम. थेंबाथेंबानं पाणी देणारा माणूस म्हणून काकूंनी मला पसंत केलं असेल, अशा भ्रमात मी बरेच दिवस होतो. मागाहून कळलं, माझ्या आधी आलेला माणूस 'दोन बादल्या' म्हणाला होता.

काकू आतल्या खोलीत डाळ निवडत बसलेल्या असायच्या. बाहेर मी तोंड धुवायला लागलो की आतून आवाज यायचा, "कोण हाय रे? गोदावरी सोडलीस का?" नुसत्या आवाजावरून त्यांना कळायचं की पाण्याची धार किती मोठी आहे. त्यांच्या घरात एका पाण्याला तीन-चार जन्म असायचे. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळली जायची, त्यातच फडकं बुडवून ओटा पुसला जायचा आणि उरलंसुरलं संडासात. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला राखीव, त्यात कुणी वाटेकरी नाही. पाहुण्याला पाणी अर्धा ग्लास. "लागलं तर अजून देते," असं वर म्हणायच्या, पण मागायची कुणाची छाती होत नसे. एकदा एका विमावाल्यानं ग्लासात घोटभर पाणी तसंच ठेवलं आणि निघाला. काकूंनी त्याला फाटकातून परत बोलावलं. "सायेब, एवढं संपवून जा." बिचाऱ्यानं उभ्या उभ्या पिलं. विमा मात्र काकूंनी उतरवला नाही.

गल्ली हसायची त्यांना. पण आमच्याकडं नळ यायचा आठवड्यातून एखाद्या वेळी, अन् उन्हाळ्यात तोही रुसायचा. मग अख्खी गल्ली हंडे घेऊन टँकरमागं पळायची, एकमेकींच्या झिंज्या धरायची, आणि काकू आपल्या ओट्यावर बसून निवांत शेंगा फोडायच्या. न्हाणीजवळ त्यांचा सिमेंटचा हौद होता, भरलेला, वर पत्रा झाकलेला. "मी कुणाच्या दारात पाणी मागाया गेले न्हाई अन् जाणार न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

त्या वाक्यामागं एक भांडण होतं. घर मूळचं एकच. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि अंगणात मधोमध भिंत आली. आड काकूंच्या वाट्याला आला. मग पलीकडं, त्यांच्या धाकट्या जावेच्या घरी, भिंतीला लागून बोअर घेतला आणि वर्ष-दोन वर्षांत काकूंचा आड आटला. तो बोअरमुळं आटला की पावसानं दगा दिला म्हणून आटला, देव जाणे. काकूंनी मात्र भर गल्लीत शपथ घातली स्वतःला, की त्या बोअरचा थेंब माझ्या नरड्याखाली उतरायचा न्हाई. तेव्हापासून दोघी जावांचं बोलणं बंद. बंद म्हणजे थेट बोलणं बंद, एरवी दिवसभर चालूच. मी अंगणात दिसलो की काकू मोठ्यानं म्हणायच्या, "सांगा हो तिकडं, शेवग्याचा पाला इकडं येऊन पडून राह्यला." पलीकडून लगेच, "त्यांना म्हणावं, शेंगा पडत्यात तवा न्हाई सांगत!" मला मधे तोंड उघडायची वेळच यायची नाही.

अशा बाईच्या घरी कासव आलं, आणि तेही पाण्यात राहणारं.

माझ्या शेजारच्या खोलीत बँकेतल्या एक मॅडम राहायच्या. घरात उत्तरेला कासव ठेवलं की बढती होते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणून काचेच्या वाडग्यात हे हिरवं, कानाशी लाल पट्टा असलेलं, पोह्याच्या बशीएवढं कासव. बढती खरंच झाली. बढतीबरोबर बदलीही झाली, ती पार दूर. "काकू, घर लागलं की घेऊन जाते, तोवर सांभाळा ना," म्हणाल्या. काकूंनी वाडग्यात डोकावून पाहिलं. बोटभर पाणी. एवढ्यात भागत असेल तर काय हरकत आहे! मॅडम गेल्यावर त्यांनी मला बजावलं, "दुसऱ्याची अमानत हाय. जशी दिली तशीच परत गेली पाहिजे. जरा बी उन्नीस-बीस झालेलं चालायचं न्हाई." नाव काही ठेवलं नाही त्याचं. त्याला त्या 'पाव्हणा' म्हणायच्या.

आता पाव्हण्याची बडदास्त कशी ठेवावी? काकू गल्लीतल्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला जायच्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या पायावर न्हाऊन मोठी झालेली. तिथं मात्र त्यांचा हात सैल सुटायचा, बाळाच्या अंगावर तांबे ओतताना पाणी किती गेलं हे त्या बघायच्या नाहीत. लहान जीव म्हटला की त्यांना ते एकच शास्त्र ठाऊक. झालं! रोज सकाळी पाय पसरून बसायच्या, पाव्हण्याला पायावर पालथं घ्यायच्या, पाठीला कोमट तिळाचं तेल, वर हळद, आणि मग शेगडीवर ओवा टाकून धुरी. "मान आत घेऊ नको. कानामागं तेल मुरू दे जरा," अशी दटावणी चालायची. कासवाचे कान कुठं असतात हे मी काही विचारलं नाही. मग पुसून, कोरडं करून परत वाडग्यात.

मी एकदा म्हणालो, "काकू, याला पाणी जास्त लागत असेल."

"आपल्या देवळातल्या कासवाला कोण पाणी घालतं? किती पिढ्या झाल्या, हाय का न्हाई ठणठणीत?"

ते दगडाचं आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण भाडेकरूनं कुठं थांबावं हे भाडेकरूला कळलं पाहिजे.

महिना-दीड महिन्यात पाव्हण्याचे डोळे सुजले. खाणं सोडलं. पाठ अंगठ्यानं दाबली तर शिळ्या भाकरीसारखी दबायची. काकूंचं तोंड उतरलं. मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या, दोनदा टाकल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "दृष्टीनं पाठ मऊ होत न्हाई रे. चल दवाखान्यात."

गुरांचा दवाखाना. रांगेत दोन म्हशी, एक बोकड, अन् त्यांच्या मधोमध काकू स्टीलच्या डब्यात कासव घेऊन. डॉक्टर तरुण होता. डब्यात पाहून घाबरलाच. "काकू, मी गाई-म्हशींचा डॉक्टर आहे."

"मंग म्हैस समजून तपासा."

भला माणूस, हसला. शहरातल्या मित्राला फोन लावला, मोबाइलवर कासव दाखवलं, बराच वेळ बोलला. मग काकूंकडं वळून विचारलं, "तेल कुणी लावलं याला?"

"मी. रोज. घाण्याचं हाय, भेसळ न्हाई."

"आणि हा वास कसला?"

"ओव्याची धुरी."

डॉक्टरनं कपाळाला हात लावला. "काकू, हे बाळ नाही हो. पाण्यातला जीव आहे. याला पोहता येईल एवढं खोल पाणी पाहिजे. पाण्याबाहेर येऊन बसायला कोरडी जागा पाहिजे, तिथं रोज ऊन पाहिजे. ऊन नाही म्हणून पाठ मऊ पडली. आणि पाणी कायम स्वच्छ, नाहीतर डोळे जातील. तेल आजपासून बंद."

"किती पाणी?" काकूंनी हळूच विचारलं.

"जेवढं मोठं तेवढं चांगलं."

लग्नात पोरीच्या बापाला सोन्याचा आकडा सांगावा तसा काकूंचा चेहरा झाला. फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "अमानत हाय. काय करता!"

आधी काचेची टाकी करून पाहिली. गावात खिडक्यांना काचा बसवणारा एकजण होता. टाकी त्यानं जन्मात केलेली नव्हती, पण "काच ती काच, बिलकुल फिकीर करू नका" म्हणाला. आम्ही ती ओसरीत ठेवून भरली आणि खालच्या कोपऱ्यातून धार लागली. दुसरी कुणी बाई असती तर फरशी भिजली म्हणून ओरडली असती. काकू ओरडल्या, "बोट लाव! बोट लाव त्याला!" मी भोकाला बोट लावून बसलो अन् त्यांनी घरातली पातेली, तसराळी, परात, सगळं आणून टाकी रिती केली. "जल्दी न्हाई करायची, सांडंल," असं मलाच म्हणत होत्या. चांगला पाऊण तास मी त्या कोपऱ्यात उकिडवा बसून होतो. थेंब वाया गेला नाही. दुसऱ्या दिवशी माझी आंघोळ त्याच पाण्यात झाली, आणि ती भरून बादलीची झाली.

मग काकूंनी न्हाणीजवळच्या हौदाच्या कठड्यावर हात ठेवला. तो हौद म्हणजे त्यांचा उन्हाळा होता. म्हणाल्या, "हाच देऊ."

"आणि तुमचं पाणी?"

"माझं भरीन ड्रमात, घागरीत. मी काय पोहून राह्यले का?"

हौद उघड्यावर होता, सकाळचं ऊन बराबर त्याच्यावर यायचं. अर्ध्या भागावर सावलीला पत्रा ठेवला, बाकीच्यावर मांजराच्या भीतीनं जाळी. आत विटा रचून त्यावर शहाबादी फरशी तिरकी टाकली, एक टोक पाण्यात, एक टोक वर उन्हात. पाव्हणा चढायचा आणि घसरायचा. परत चढायचा, परत घसरायचा. काकू कठड्याशी बसून बघत होत्या. "गुळगुळीत हाय. पाटा टाकवत्यात तशी टाकवायला पाहिजे." अन् बाईनं स्वतः छिन्नी-हातोडी घेऊन, पाट्या-वरवंट्याला पाडतात तसे टवके त्या फरशीवर पाडले. मग पाव्हणा तरातरा वर गेला आणि मान ताणून उन्हाला बसला.

पाणी स्वच्छ ठेवायचं काम माझ्याकडं. मोडक्या कूलरची मोटर हौदात सोडली. तिचं पाणी आधी एका बागेतून आणलेल्या ठिबकच्या जुन्या फिल्टरमधून, मग वर टांगलेल्या बादलीतून. बादलीत स्पंज, खडी, वाळू. बादलीच्या बुडातून गाळलेलं पाणी धार धरून परत हौदात. मोटर चालू केली. काकू एकदा मोटरीकडं, एकदा धारेकडं बघायला लागल्या.

"म्हंजे तेच पाणी?"

"तेच."

"फिरून फिरून तेच?"

"हो."

"अरे, हे तर माझंच हाय सगळं!" असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीत असा काही धपका घातला की काय सांगू. मी इंजिनिअर झालो असतो तरी एवढी शाबासकी मिळाली नसती.

खाण्याचंही डॉक्टरनं सांगितलं होतं. शेवग्याचा कोवळा पाला, लाल भोपळ्याची फोड, काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेला समुद्रफेस कुरतडायला. आणि सुकट. काकू माळकरी नव्हत्या, पण घरात कधी अंडं शिजलेलं नाही. सुकट मी बाजारातून आणायचो. त्या तोंडाला पदर लावायच्या, मान पलीकडं फिरवायच्या आणि लांब चिमट्यानं एकेक पाण्यात सोडायच्या. "ज्याचा त्याचा धरम," म्हणायच्या.

पहिल्यांदा हौदात सोडलं तो दिवस मला विसरता येत नाही. आधी ते दगडासारखं तळाशी गेलं. काकूंनी माझा दंड धरला. मग त्यानं चारी पाय फाकवले आणि हौदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पोहत गेलं, वळलं, परत आलं. एवढ्या दिवसांत ते पोहताना आम्ही पाहिलंच नव्हतं. "त्या वाडग्यात कसा राह्यला असंल रे हा?" काकू म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. मलाही कसंतरी झालं. बाई कंजूष खरी, पण तिची माया अशी भसकन बाहेर यायची, आणि तेव्हा तिच्यावर फार जीव जायचा.

दिवाळीपर्यंत पाठ कडक झाली. काकू रोज अंगठ्यानं दाबून बघायच्या अन् आल्यागेल्याला दाबायला लावायच्या. "बघा. दगड हाय दगड."

होळीच्या सुमाराला मॅडमचा फोन आला. काकूंनी फोन मोठ्या आवाजात लावला. "काकू, फ्लॅटमध्ये जागाच नाही हो. तुम्ही असं करा, जवळच्या एखाद्या तळ्यात सोडून द्या त्याला."

काकूंनी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. "पाह्यलं का? नांदायला ठेवली पोर अन् आता म्हणती रानात सोडा!" तळ्यात सोडायचं नाही हे डॉक्टरनं आधीच बजावलं होतं. परदेशातली जात आहे, आपल्या तळ्यातल्या कासवांच्या, माशांच्या मुळावर येईल. मी म्हणालो, "काकू, आता ती अमानत राहिली नाही. तुमची जबाबदारी संपली. डॉक्टरला विचारू, शहरात कुणी ठेवून घेत असेल तर."

"कामून? माझ्याकडं काय कमी हाय त्याला?"

मे महिन्यात पाणीच कमी पडलं. नळ बंद झाला तो झालाच. टँकर यायचा, पण घरटी हिशोबानं पाणी, त्यात कासवाचा हिस्सा कोण धरणार? ऊन असं की हौद डोळ्यांदेखत खाली चाललेला. कूलरची मोटर उघडी पडली, ती बंद केली. उरलेलं पाणी हिरवं झालं. पाव्हणा तळाशी चिखलात बसायचा, पाठ कोरडी, आणि एक डोळा परत सुजायला लागला. काकू आपल्या घागरीतलं पाणी त्याला ओतायला लागल्या. स्वतः दिवसभर तांब्याभर पाण्यावर. ओठ फाटले त्यांचे.

मग मात्र मी चिडलो. "काकू, हे चालायचं नाही. तुम्ही पण मराल अन् ते पण मरेल. भिंतीपलीकडं बोअर चालू आहे."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी गपचूप कामावर निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच माझ्या दाराशी आल्या. डोक्यावरून नीट पदर घेतलेला. "चल," म्हणाल्या. भिंतीला वळसा घालून आम्ही पलीकडच्या फाटकात गेलो. जाऊबाई अंगणात बाजेवर कुरडया वाळत घालत होत्या. आम्हाला बघून त्यांचा हात तसाच राहिला. दोघींमधे अंतर दोन हातांचं, अन् मधे मी.

"सांगा त्यांना," काकू मला म्हणाल्या, "पाणी पाहिजे. मला न्हाई, कासवाला."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. "विचारा त्यांना, कासव पाणी पितं का?"

"सांगा, पितं बी अन् त्यातच ऱ्हातं."

"विचारा, मंग एवढे दिवस कामून न्हाई आले?"

मी आपला दोघींकडं आळीपाळीनं बघतोय. मग काकू बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"मरून जाईल गं ते."

जाऊबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले. "आक्का, मला दिसत न्हाई का? रोज भिंतीवरून पाहून राह्यले मी त्याला. शेवग्याचा कवळा कवळा पाला तुमच्या अंगणात कोण टाकून राह्यलं, वारं?" आणि रागारागानं आत गेल्या. लगेच मोटरीचा आवाज आला.

आम्ही परत आमच्या अंगणात पोचेपर्यंत भिंतीवरून पाइप आला होता. मी हौद खरडून धुतला, पाव्हण्याला तेवढा वेळ परातीत ठेवलं. पाइप हौदात सोडणार तेवढ्यात काकू म्हणाल्या, "थांब. पाव्हण्याला द्यायच्या आधी बघाया पाहिजे. मचूळ असलं तर डोळे जात्याल त्याचे."

ओंजळ धरली. पाणी भरून सांडायला लागलं तरी बाई तशीच उभी. मग ओंजळ तोंडाला लावली आणि पिल्या. परत धरली, परत पिल्या. पाणी मचूळ आहे का नाही हे कळायला दोन घोट पुरतात. काकू घटाघटा पीत राहिल्या, पाणी कोपरावरून, पोलक्यावरून ओघळत होतं, आणि मी दुसरीकडं बघत पाइप धरून उभा होतो.

"कसंय?" शेवटी मी विचारलं.

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि भिंतीकडं बघून, गरजेपेक्षा कितीतरी मोठ्यानं म्हणाल्या, "गोड हाय!"

पलीकडं मोटर चालूच राहिली. हौद भरला, पाव्हणा पोहायला लागला, पाणी कठड्यावरून वाहू लागलं, अंगणातून फाटकाखालून रस्त्यावर निघालं. काकू त्या वाहत्या पाण्यात अनवाणी उभ्या होत्या, आणि बंद करा म्हणून कुणालाच सांगत नव्हत्या.